उन्हाळी, खडा आणि ई. कोलाय

लघवीच्या कल्चरचा, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट आला की त्यात बहुतेक वेळा एकच नाव असतं, ई. कोलाय. लहान मुलांच्या लघवीच्या दर दहा इन्फेक्शनमागे आठ-नऊ याच जंतूची. मग घरात शोधाशोध सुरू होते: शाळेचं बाथरूम, पोहण्याचा तलाव, गावाकडचं पाणी, बदललेला साबण. खरं तर चोर घरातलाच असतो. हा जंतू मुलाच्या आतड्यात आठवडे-महिने राहत असतो. शीबरोबर त्वचेवर येतो, तिथून मूत्रमार्गाच्या तोंडाशी आणि मग वर मूत्राशयात. लहान मुलीचा मूत्रमार्ग जेमतेम दोन-तीन सेंटीमीटरचा. प्रवास फार लांबचा नाही.

थिओडोर एश्चेरिश या बालरोगतज्ज्ञाने १८८५ मध्ये तान्ह्या बाळांच्या शीत हा जंतू पहिल्यांदा नोंदवला, आणि १८९४ मध्ये त्यानेच लहान मुलींच्या मूत्राशयाच्या दाहाशी त्याचा संबंध लावला. पुढे जंतूला त्याचंच नाव मिळालं. शी आणि शू यांचं नातं इतकं जुनं आहे. तरी पुन्हापुन्हा लघवीचं इन्फेक्शन होणाऱ्या मुलाची सोनोग्राफी होते, दोन-तीन कल्चर होतात, आणि 'शी कशी होते, किती दिवसांनी होते' हा प्रश्न शेवटी कधीतरी येतो. माझ्या मते तो पहिला यायला हवा.

निरोगी आतड्यात ई. कोलाय अगदी अल्पसंख्य असतो, एकूण जंतूंच्या साधारण एक टक्क्याच्या आतबाहेर. बाकी वस्ती ऑक्सिजन न सोसणाऱ्या जंतूंची. ते कोंडा, साली, भाज्यांमधला चोथा आंबवून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं हेच मुख्य इंधन. ते जाळताना पेशी जवळचा ऑक्सिजन वापरून टाकतात, त्यामुळे आतड्याच्या पोकळीत तो फारसा उरत नाही. ई. कोलायला ऑक्सिजनशिवाय जगता येतं, पण तो मिळाला की त्याचं फावतं. बाकीची मंडळी जागेवर आहेत तोवर हा कोपऱ्यात असतो.

आता साध्या सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिकची बाटली आणली की काय होतं पाहा. सर्दी विषाणूची, तिला औषधाने फरक पडत नाही. आतड्यातली वस्ती मात्र विरळ होते, आणि त्या औषधाला दाद न देणारा ई. कोलाय रिकाम्या जागेत पसरतो. न्यूयॉर्कमध्ये किडनी प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांच्या शीचे नमुने तपासून २०१९ मध्ये असं दिसलं की आतड्यात ई. कोलायचं प्रमाण एक टक्क्याच्या वर गेलं, की तो लघवीत सापडण्याची शक्यता वाढते. ती प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवरची माणसं. तो आकडा मुलांना जसाच्या तसा लावू नये. पण 'मागच्या महिन्यात खोकल्याला औषध दिलं होतं, आता लघवीचं झालं' हे पालकांनी सांगितलं तर त्याकडे योगायोग म्हणून पाहू नये.

आतड्यातला प्रत्येक ई. कोलाय मूत्राशयात टिकत नाही. टिकणाऱ्या जातींच्या अंगावर केसासारखे तंतू असतात. तंतूच्या टोकाला फिम-एच नावाचं प्रथिन असतं, ते मूत्राशयाच्या अस्तरावरची मॅनोज ही साखर धरून ठेवतं. लघवीचा ओघ जोरात आला की ही पकड सैल पडण्याऐवजी आणखी आवळते, ओढल्यावर घट्ट होणाऱ्या गाठीसारखी. किडनीपर्यंत चढणाऱ्या जातींकडे आणखी एका प्रकारचे तंतू असतात, त्यांना पी तंतू म्हणतात. म्हणूनच भरपूर पाणी पाजून एकदा चिकटलेलं इन्फेक्शन धुऊन निघत नाही. पाण्याचा उपयोग आहे, पण तो जंतू चिकटायच्या आधी.

इथे 'उन्हाळी लागली' या शब्दाबद्दल थोडं. एप्रिल-मेमध्ये मूल दिवसभर खेळून येतं, पाणी कमी पोटात गेलेलं असतं, लघवी गडद पिवळी होते आणि जळजळते. धण्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, जवाचं पाणी, ताक हे सगळं तेव्हा चालतं, कारण त्यातलं पाणी काम करतं. दिवसभरात लघवी फिकट झाली आणि जळजळ थांबली तर प्रश्न मिटला. पण लघवी फिकट होऊनही दुखत असेल, दर दहा मिनिटांनी चार थेंब येत असतील, लाल झाक असेल, वर्षभर कोरडं राहिलेलं अंथरूण पुन्हा ओलं होत असेल, तर ती उन्हाळी नाही. आणि ताप असेल तर धण्याच्या पाण्यावर एक दिवसही काढू नये. दोन वर्षांखालच्या मुलाला जळजळ सांगता येत नाही. त्याचा ताप, तोही सर्दी-खोकला-जुलाब काही नसताना, हेच लक्षण. तीन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं तर त्याच दिवशी डॉक्टर. ताप आणणाऱ्या लघवीच्या इन्फेक्शनमध्ये औषध सुरू व्हायला दोन-तीन दिवसांहून जास्त उशीर झाला, की किडनीवर कायमचे व्रण राहण्याचा धोका वाढतो.

खडा

मूत्राशय पुढे, मलाशय मागे, आणि मधली जागा लहान मुलात फारच थोडी. मलाशयात कडक शीचा खडा साठून ते फुगलं की मूत्राशयाला मागून दाबतं. मूत्राशयात लघवी कमी मावते, मुलाला सारखं जावंसं वाटतं आणि गेल्यावर ते पूर्ण रिकामंही होत नाही. खाली उरलेल्या दहा-वीस मिलीत जंतूंना राहायला जागा मिळते. शिवाय शी दाबून धरायला आणि लघवी अडवायला ओटीपोटाच्या तळाचे तेच स्नायू लागतात. शी धरायची सवय लागलेल्या मुलाला लघवी करतानाही ते स्नायू नीट सैल सोडता येत नाहीत.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठात बद्धकोष्ठाच्या २३४ मुलांचा पाठपुरावा करून १९९७ मध्ये निष्कर्ष छापले गेले. त्यांच्यातल्या ११ टक्के मुलांना लघवीचं इन्फेक्शन होत होतं. पोट साफ राहायला लागल्यावर, मूत्रमार्गाच्या रचनेत दोष नसलेल्या सगळ्यांचं ते थांबलं. दिवसा कपडे ओले होण्याची तक्रारही बहुतेकांची गेली. मूळ उपचार पोटाचा होता, हे लक्षात घ्या.

बद्धकोष्ठ ओळखण्यात घरचे हमखास चुकतात, कारण 'रोज होते की' हे उत्तर तयार असतं. रोज होणारी शी जर बकरीच्या लेंड्यांसारखी असेल, किंवा भेगा पडलेली जाड कांडी असेल, तर ते बद्धकोष्ठच. भांडं तुंबेल एवढी मोठी शी चार दिवसांनी होत असेल तरी तेच. सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे चड्डीला लागणारे पातळ डाग. आत खडा अडकलेला असतो आणि वरची पातळ शी त्याच्या कडेने झिरपते. घरचे म्हणतात जुलाब लागलेत, आणि वरणभात-केळं देऊन ते आणखी घट्ट करतात. सोनोग्राफी व्हायचीच असेल तर मलाशयाची रुंदी मोजायला सांगा. ३ सेंटीमीटरच्या वर असेल तर आत माल साठलेला आहे असं समजतात.

उपचाराचे दोन टप्पे आहेत आणि लोक पहिला गाळतात. आधी साठलेलं बाहेर काढायचं, मग पुन्हा साठू द्यायचं नाही. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर यासाठी वापरतात. साठा काढायला दिवसाला वजनाच्या किलोमागे १ ते १.५ ग्रॅम, तीन ते सहा दिवस. पुढे रोज किलोमागे साधारण ०.४ ग्रॅमपासून सुरुवात. म्हणजे १५ किलोच्या मुलाला पहिले काही दिवस १५ ते २२ ग्रॅम, नंतर ६ ग्रॅम. डोस डॉक्टरांनीच ठरवायचा आहे. आकडे एवढ्यासाठी दिले की बहुतेक ठिकाणी अर्धा चमचा देऊन 'औषध लागू पडलं नाही' म्हटलं जातं. १७ ग्रॅमला पेलाभर, म्हणजे सुमारे २४० मिली पाणी लागतं. ही पावडर पाणी धरून ठेवूनच शी मऊ करते, त्यामुळे दोन घोटांत कालवून दिली तर काम करणार नाही.

पहिले दोन-तीन दिवस चड्ड्या जास्त खराब होतात, पोटात गुरगुरतं. तिथेच बरेच जण औषध बंद करतात. दुसरी फसगत महिन्याभराने: शी मऊ झाली, पावडर बंद. ताणलेलं मलाशय मूळ आकाराला यायला वेळ लागतो, तोवर त्याला भरल्याची जाणीवच धड होत नाही. म्हणून रोजचा डोस किमान दोन महिने, आणि सगळं सुरळीत झाल्यावरही महिनाभर, मग हळूहळू कमी. पावडरीची सवय लागते ही भीती निराधार आहे; ती आतड्यातून शोषलीच जात नाही म्हटलं तरी चालेल. एरंडेल मात्र नको, त्याने पोटात कळा येतात. विड्याच्या पानाचा देठ किंवा साबणाची कांडी हे जुने उपाय शी काढतात खरे, पण त्या जागी एकदा दुखलं की मूल पुढच्या वेळी आणखी घट्ट धरून बसतं. धरून ठेवणं हाच तर आजार होता.

खाण्यापिण्यात, वय अधिक पाच इतके ग्रॅम चोथा रोज, असा एक ठोकताळा आहे. सहा वर्षांच्या मुलाला ११ ग्रॅम. ज्वारीच्या पिठात १०० ग्रॅममागे साधारण १० ग्रॅम चोथा, म्हणजे ५० ग्रॅम पिठाच्या एका लहान भाकरीत ५. बाकी एक पेरू, सालीसकट मूग-मटकीची उसळ, लाल भोपळा, भिजवलेले मनुके. त्या भाकरीच्या जागी दूध-बिस्किट असेल तर गणित जमणार नाही. दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध पिणारं मूल जेवत नाही आणि त्याला शीही होत नाही, हे घरोघरी दिसतं. हाच चोथा त्या ब्युटिरेटवाल्या जंतूंचंही खाद्य आहे. आतड्यातला शेजार सुधारण्याचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

जेवणानंतर आतडं आपोआप हलतं, त्यामुळे नाश्ता किंवा रात्रीचं जेवण झाल्यावर पाच-दहा मिनिटं बसवा. कमोडवर लहान मुलाचे पाय लोंबकळतात आणि पाय अधांतरी असले की तळाचे स्नायू सैल पडत नाहीत. पायांखाली पाट किंवा उपडा डबा ठेवा, गुडघे कमरेपेक्षा थोडे वर येतील असा. देशी संडासात हा प्रश्न येत नाही.

धरून ठेवणं

उकिडवं बसून टाच जांघेत दाबणारी, पायाला पाय गुंडाळून टीव्हीसमोर डुलणारी मुलगी लघवी धरून बसलेली असते. शाळेत हे रोजचं. बाथरूमला कडी नाही, पाणी नाही, वास येतो, बाई पाठवत नाहीत. मग मुली पाणीच प्यायचं नाही असं ठरवतात आणि घरी येईपर्यंत जात नाहीत.

यात नुकसान किती? अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय २० ते ३० मिनिटांत दुप्पट होतो. ३० मिनिटं धरू. अडीच तासांनी लघवी केली तर पाच वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे ३२, आणि त्यातले बहुतेक बाहेर. पाच तास धरली तर दहा वेळा, म्हणजे एकाचे हजारावर. वेळ दुप्पट, जंतू ३२ पट. मूत्राशयाची क्षमता मोजायचं सोपं सूत्र आहे: वयात एक मिळवा आणि तिसाने गुणा. सहा वर्षांच्या मुलाची २१० मिली. पाच तासांत ते सहज काठोकाठ भरतं.

दर दोन-तीन तासांनी लघवीला पाठवा, 'लागली का' असं न विचारता. उत्तर 'नाही' हेच येणार. शाळेत मधल्या सुट्टीत एकदा हवीच. त्यासाठी वर्गशिक्षिकेला डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली तर काम होतं. १६ किलोच्या मुलाला दिवसभरात सगळं मिळून साधारण १३०० मिली द्रव लागतं: पहिल्या दहा किलोला १००० आणि वरच्या प्रत्येक किलोला ५०. त्यातला मोठा भाग शाळेच्या वेळेत जायला हवा, रात्री झोपताना नव्हे.

बसण्याची पद्धतही पाहा. मुलगी चड्डी गुडघ्यापर्यंतच उतरवते, मग गुडघे जुळलेलेच राहतात, लघवी मागे योनिमार्गात जाते आणि उठल्यावर थेंबथेंब चड्डीत येते. चड्डी घोट्यापर्यंत किंवा पूर्ण काढून, गुडघे फाकवून बसवा. लघवी झाल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून पुन्हा एकदा करायला लावा, विशेषतः सकाळी उठल्यावर आणि झोपताना. शी धुताना हात पुढून मागे. जंतुनाशक द्रव टाकून रोज ती जागा धुणं बंद करा. त्याने आग होते आणि जागेवरचे निरुपद्रवी जंतू जातात. मुलांच्या बाबतीत शिश्नाची कातडी जबरदस्तीने मागे ओढू नका. रात्री गुदद्वाराशी खाज येत असेल तर सुतकृमी, म्हणजे सुतासारखे बारीक जंत, पाहा. खाजवण्यातून शीतले जंतू पुढे सरकतात.

नमुना

आतड्याचे जंतू रिपोर्टमध्येही घुसतात. तान्ह्या बाळाला चिकटवायची पिशवी लावली की लघवी त्वचेवरून वाहत तिच्यात जाते, आणि कल्चरमध्ये मूत्राशयातलं काय नि त्वचेवरचं काय, कळत नाही. पिशवीतला नमुना स्वच्छ निघाला तर इन्फेक्शन नाही म्हणायला उपयोगी. त्यात जंतू निघाले तर त्यावर औषध सुरू करू नये.

बाळाची धार पकडायची एक युक्ती ऑस्ट्रेलियात तपासली गेली आणि २०१७ मध्ये छापून आली. आधी जागा साध्या पाण्याने धुऊन घ्यायची. थंड सलाइनमध्ये बुडवलेलं गॉज ओटीपोटाच्या खालच्या भागावर, जघनास्थीच्या वर, गोल-गोल फिरवायचं आणि दुसऱ्या हातात उघडी निर्जंतुक बाटली तयार ठेवायची. एक ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी ३१ टक्क्यांनी पाच मिनिटांत शू केली. काहीही न करता नुसती वाट पाहिली तेव्हा १२ टक्क्यांनी. बाटलीची कड त्वचेला लागू द्यायची नाही. नमुना तासाभरात लॅबमध्ये, नाहीतर फ्रिजमध्ये. एप्रिलच्या दुपारी दोन तास पर्समध्ये फिरलेल्या बाटलीत जंतूंच्या कॉलनी वाढणारच. आजारी, तापलेल्या बाळाचा नमुना नळी घालून काढायचं डॉक्टरांनी सुचवलं तर कचरू नका. कल्चरचा नमुना औषधाच्या पहिल्या डोसआधी.

लघवीत बुडवायच्या पट्टीवरच्या तपासणीत नायट्राइट, म्हणजे जंतूंमुळे लघवीत तयार होणारं रसायन, निगेटिव्ह आलं म्हणून निर्धास्त होऊ नये. जंतूंना नायट्राइट तयार करायला लघवी सुमारे चार तास मूत्राशयात असावी लागते. तान्हं बाळ तेवढा वेळ थांबत नाही. तीन-चार प्रकारचे जंतू एकत्र उगवले असतील तर ते बहुधा त्वचेवरून आलेत, नमुना पुन्हा द्या.

औषध, दही आणि क्रॅनबेरी

तापाच्या इन्फेक्शनला सात ते दहा दिवस औषध, ताप नसलेल्या मूत्राशयाच्या इन्फेक्शनला त्याहून कमी. २०२३ मध्ये छापलेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत, पाचव्या दिवसापर्यंत बऱ्या झालेल्या मुलांत औषध तिथेच थांबवलं तर ४.२ टक्क्यांत इन्फेक्शन परतलं, दहा दिवस दिलं तर ०.६ टक्क्यांत. म्हणजे अर्ध्यावर सोडू नका, पण 'सुरक्षित राहावं म्हणून' तीन आठवडेही ओढू नका. प्रत्येक जादा दिवसाची किंमत आतडं मोजतं.

रोज रात्री थोडं अँटिबायोटिक देण्याच्या पद्धतीत ही किंमत स्पष्ट दिसते. लघवी मूत्राशयातून मागे किडनीकडे जाते अशा ६०७ मुलांवर झालेली, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी घ्या. दोन वर्षांत औषधाच्या गटात ३९ मुलांना पुन्हा इन्फेक्शन झालं, बिनऔषधाची नकली बाटली दिलेल्या गटात ७२ जणांना. फायदा खरा आहे. पण किडनीवरचे नवे व्रण दोन्ही गटांत सारखेच, आणि पुन्हा झालेल्या ई. कोलाय इन्फेक्शनमध्ये त्या औषधाला न जुमानणारे जंतू ६३ टक्के विरुद्ध १९ टक्के. मोठ्या प्रमाणात लघवी मागे जाणाऱ्या मुलांना ते देतात, द्यावंही. पण खडा न काढता, वेळेवर लघवीला न पाठवता नुसती बाटली सुरू ठेवणं मला पटत नाही.

दही खाऊ द्या, पण त्याने इन्फेक्शन टळेल अशी आशा नको. विरजणातले जंतू आतड्यात मुक्काम करत नाहीत. प्रोबायोटिकचा, म्हणजे औषधासारख्या दिल्या जाणाऱ्या चांगल्या जंतूंचा, पुरावा दोलायमान आहे. २०१५ च्या एकत्रित आढाव्यात फायदा दिसला नव्हता. नंतर इराणमध्ये पहिल्या तापाच्या इन्फेक्शननंतर १८१ मुलांवर चार जातींचं मिश्रण वापरलं, तेव्हा १८ महिन्यांनी इन्फेक्शनशिवाय राहिलेली मुलं ९६.७ टक्के निघाली, न दिलेल्यांत ८३.३ टक्के. एका चाचणीवर मेडिकलमधली कुठलीही कुपी घ्यावी असं मात्र नाही. जाती आणि मात्रा वेगळ्या असतात. क्रॅनबेरी या परदेशी आंबट फळाचा फायदा २०२३ च्या आढाव्यात मुलांमध्ये दिसला आहे. इथे मिळणाऱ्या बाटलीत बहुतेक साखरपाणी असतं, आणि करवंद म्हणजे क्रॅनबेरी नव्हे.

शेवटची गोष्ट कोर्सनंतरच्या कल्चरची. मूल हसतंखेळतं आहे, ताप नाही, जळजळ नाही, तर 'खात्री करायला' लघवी पुन्हा तपासू नका. काही मुलींच्या लघवीत जंतू असतात आणि त्यांना काहीच होत नाही. स्वीडनमध्ये गॉथेनबर्गच्या एका मुलीच्या मूत्राशयात ई. कोलायची एक जात किमान तीन वर्षं होती, एकही लक्षण न देता. त्या जंतूचे चिकटायचे तंतू निकामी झालेले निघाले. पुढे ८३९७२ या क्रमांकाने ओळखली जाणारी तीच जात सतत इन्फेक्शन होणाऱ्या मोठ्या माणसांच्या मूत्राशयात मुद्दाम सोडून पाहण्यात आली, त्रासदायक जातींनी ती जागा घेऊ नये म्हणून. अशा बिनतक्रारीच्या जंतूला रिपोर्ट पाहून अँटिबायोटिकने हुसकलं, तर रिकाम्या जागेत पुढचा येतो तो आतड्यातूनच, आणि त्याचे तंतू शाबूत असू शकतात.